एसएक्स१२६२ वापरून द्राक्षबागेसाठी बॅटरीवर चालणारा रेडिओ नोड : आराखड्याविषयी मंचावरील चर्चा (प्रत्येक पोस्टच्या वर सदस्याचे टोपणनाव)

ओलावा

नमस्कार. निफाड तालुक्यातील आमच्या द्राक्षबागेत मातीचा ओलावा आणि तापमान मोजून ती आकडेवारी घरी आणणारा एक छोटा नोड (सेन्सर आणि रेडिओ असलेला डबा) मी तयार करत आहे. सर्वांत लांबचा प्लॉट घरापासून साधारण एक किलोमीटरवर आहे. गेटवेचा (नोडचे संदेश घेणाऱ्या घरच्या यंत्राचा) अँटेना गच्चीवरील पाण्याच्या टाकीशेजारी, जमिनीपासून सुमारे दहा मीटर उंचीवर बसवता येईल. दर पंधरा मिनिटांनी एक संदेश पाठवायचा आहे आणि छाटणीपासून काढणीपर्यंतचे किमान दोन हंगाम सेल बदलावा लागू नये, अशी अपेक्षा आहे.

रेडिओसाठी सेमटेक कंपनीची एसएक्स१२६२ ही लोरा (कमी विजेवर लांब संदेश नेणारी रेडिओ पद्धत) चिप निवडली आहे. मायक्रोकंट्रोलर एसटीएम३२ एल० मालिकेतील आहे आणि उर्जेसाठी ३.६ व्होल्टचा एए आकाराचा लिथियम थायोनिल क्लोराइड सेल, म्हणजे ईआर१४५०५, वापरणार आहे. डेटाशीटमध्ये (चिपच्या माहितीपत्रकात) स्लीप म्हणजे झोपेच्या अवस्थेतील प्रवाह ६०० नॅनोअँपिअर दिलेला पाहून सेल पाच वर्षे तरी टिकेल असे प्रथमदर्शनी वाटते. हा अंदाज कितपत बरोबर आहे, +२२ डीबीएम या चिपच्या कमाल प्रक्षेपणशक्तीची खरोखर गरज आहे का, आणि पीसीबी बनवायला टाकण्यापूर्वी कोणत्या गोष्टी तपासाव्यात, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

तरंगलांबी

स्लीपचा आकडा महत्त्वाचा असला तरी सेलचे आयुष्य त्यावर ठरत नाही. ते ठरते चिप किती वेळ प्रक्षेपण करते आणि तिच्या आजूबाजूचे घटक गुपचूप किती प्रवाह खातात यावर. आधी प्रक्षेपणाचा हिशेब पाहू.

लोरावॅन (लोरावरील जाळ्याची प्रमाणित पद्धत) वापरल्यास प्रत्येक संदेशावर किमान १३ बाइटचा बोजा असतो. तुमची आकडेवारी ७ बाइटमध्ये बसवली तर एकूण २० बाइट होतात. १२५ किलोहर्ट्झ बँडविड्थ, ४/५ कोडिंग (चूक सुधारण्यासाठीची जादा माहिती) आणि ८ चिन्हांचा प्रिअँबल (संदेशाआधीची खूण) धरून हे २० बाइट पाठवायला एसएफ७ (एसएफ म्हणजे स्प्रेडिंग फॅक्टर; तो वाढला की संदेश हळू जातो, पण लांब पोहोचतो) वर सुमारे ५७ मिलिसेकंद, एसएफ१० वर सुमारे ३७१ मिलिसेकंद आणि एसएफ१२ वर सुमारे १.३२ सेकंद लागतात. एसएक्स१२६२ ही +२२ डीबीएमवर ११८ मिलिअँपिअर घेते. दिवसाला ९६ संदेश धरले, तर एसएफ१२ वर केवळ प्रक्षेपणासाठी रोज ४.१५ मिलिअँपिअर-तास खर्च होतात. एसएफ१० वर हाच खर्च १.१७ आणि एसएफ७ वर ०.१८ इतका आहे. मायक्रोकंट्रोलर आणि रेडिओ मिळून दोन मायक्रोअँपिअरवर झोपले, तर त्यांचा दिवसाचा खर्च ०.०५ मिलिअँपिअर-तासाच्या आत राहतो. २४०० मिलिअँपिअर-तासांचा सेल एसएफ१२ वर आदर्श परिस्थितीतही दीड वर्षाच्या थोडा पुढे जाऊन संपेल. आणि ज्या ६०० नॅनोअँपिअरवर आपण भिस्त ठेवतो, त्यांचा या हिशेबात जेमतेम उल्लेख होतो.

शक्ती वाढवावी की स्प्रेडिंग फॅक्टर, हा प्रश्न पुढे येतोच. एसएफ७ ते एसएफ१० या तीन पायऱ्यांत ग्रहणक्षमता सुमारे ७.५ डेसिबलने सुधारते, पण प्रक्षेपणाचा वेळ साडेसहापट होतो. दुसरीकडे एसएक्स१२६१ ही भावंड चिप +१४ डीबीएमवर २५.५ मिलिअँपिअर घेते, म्हणजे तिच्यापेक्षा ८ डेसिबल अधिक मिळवायला एसएक्स१२६२ वर सुमारे ४.६ पट प्रवाह मोजावा लागतो. जवळपास सारख्याच फायद्यासाठी एसएफ७ आणि +२२ डीबीएम ही जोडी प्रति संदेश ६.७ मिलिकूलोम घेते, तर एसएफ१० आणि +१४ डीबीएम ही जोडी ९.५ मिलिकूलोम घेते. शक्ती वाढवणे म्हणजे उधळपट्टी, हा समज त्यामुळे सरसकट खरा नाही. मात्र हे दोन्ही मार्ग सेलच्या खिशातून पैसे काढतात. अँटेनाची उंची आणि जागा यांतून मिळणारे डेसिबल एकदाच खर्च करून कायमचे मिळतात. म्हणून माझा आग्रह असा आहे की अँटेनाचा प्रश्न पूर्ण सुटल्याशिवाय शक्ती आणि स्प्रेडिंग फॅक्टर यांना हात लावू नये.

तारवाला

वरील शेवटच्या वाक्याला माझे पूर्ण अनुमोदन आहे, आणि द्राक्षबागेत तर ते अधिकच लागू पडते. मांडवाच्या जस्तलेपित तारा आणि लोखंडी अँगल यांची जाळी जमिनीपासून डोक्याच्या उंचीपर्यंत असते. वर पानांचे छत असते आणि पाऊस पडून गेल्यावर ती पाने ओलीचिंब असतात. अशा छताखाली अर्ध्या मीटरवर ठेवलेला अँटेना म्हणजे सिग्नलला जन्मतःच घातलेला अडसर आहे.

मांडव बाजूला ठेवून केवळ मोकळ्या जमिनीचा हिशेब केला, तरी उंचीचे महत्त्व कळते. ८६५ मेगाहर्ट्झवर एक किलोमीटरच्या मार्गात मध्यभागी पहिल्या फ्रेनेल क्षेत्राची (सिग्नलला मोकळ्या लागणाऱ्या लांबट जागेची) त्रिज्या सुमारे ९ मीटर असते. दोन्ही टोके जमिनीजवळ असली की या क्षेत्राचा मोठा भाग जमिनीखाली जातो आणि जमिनीवरून परावर्तित झालेली लहर थेट लहरीला मारू लागते. या स्थितीत एका टोकाची उंची दुप्पट केली की सुमारे ६ डेसिबल मिळतात. गेटवे १० मीटरवर आणि नोडचा अँटेना अर्ध्या मीटरवर असेल तर मार्गातील घट सुमारे १०६ डेसिबल येते, आणि तोच अँटेना २ मीटरवर नेला तर ती सुमारे ९४ होते. हे १२ डेसिबल म्हणजे एसएफ७ वरून जवळजवळ एसएफ१२ वर जाण्याइतका फायदा आहे. शिवाय अँटेना मांडवाच्या वर आल्याने पाने आणि तारा यांतील घटही मोठ्या प्रमाणात टळते.

त्यामुळे सेन्सर जमिनीत, डबा खांबावर मांडवाच्या वर आणि दोघांमध्ये सेन्सरची केबल, अशी रचना करावी. रेडिओ खाली ठेवून वर लांब कोएक्स केबल नेऊ नये, कारण बारीक कोएक्समध्ये या वारंवारितेला होणारी घट आणि पावसाळ्यात कनेक्टरमध्ये शिरणारे पाणी या दोन्हींमुळे कमावलेले डेसिबल परत जातात. लोखंडी खांब असेल तर अँटेना खांबाला समांतर चिकटवू नये. तो खांबाच्या टोकाच्या वर निघाला पाहिजे.

राईनकाठ

मी जर्मनीत याच चिपवर काम करतो, म्हणून वारंवारितेबद्दल एक सावधगिरीची सूचना देतो. इंटरनेटवर मिळणारी बहुतेक उदाहरणे युरोपच्या ८६८ मेगाहर्ट्झ पट्ट्यासाठी लिहिलेली असतात आणि त्यांत ८६८.१ किंवा ८६८.३ मेगाहर्ट्झ ही वारंवारिता आधीच भरलेली असते. आमच्याकडे ८६८.० ते ८६८.६ या उपपट्ट्यात २५ मिलिवॅटची मर्यादा आहे आणि एक टक्क्यापेक्षा जास्त वेळ प्रक्षेपण करता येत नाही. भारतातील नियम वेगळे आहेत. ते पाहिल्याशिवाय उदाहरणातील फर्मवेअर जसेच्या तसे चालवू नये.

बाइटकर

राईनकाठ यांनी योग्य वेळी हा मुद्दा काढला. भारतात २००५ च्या नियमांनुसार ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा परवानामुक्त झाला. त्यात प्रक्षेपकाची कमाल शक्ती १ वॅट, प्रभावी विकिरित शक्ती ४ वॅट आणि वाहक बँडविड्थ २०० किलोहर्ट्झ अशी मर्यादा घातली गेली. पुढे २०२१ मध्ये हा पट्टा ८६८ मेगाहर्ट्झपर्यंत वाढवण्यात आला. म्हणजे ८६८.१ ही वारंवारिता आजही आपल्या पट्ट्याबाहेर आहे. २०० किलोहर्ट्झच्या अटीचा परिणामही लक्षात घ्यावा : लोराची १२५ किलोहर्ट्झ बँडविड्थ तीत बसते, २५० आणि ५०० किलोहर्ट्झ बसत नाहीत. काही तयार प्रोग्रॅम वेग वाढवण्यासाठी २५० वापरतात. ते इथे चालणार नाहीत.

लोरावॅनच्या आयएन८६५ योजनेत ८६५.०६२५, ८६५.४०२५ आणि ८६५.९८५ मेगाहर्ट्झ ही तीन मूळ चॅनेल आहेत, आणि दुसरी ग्रहण खिडकी (संदेश पाठवल्यावर उत्तर ऐकण्याचा थोडा वेळ) ८६६.५५ मेगाहर्ट्झवर एसएफ१० मध्ये उघडते. युरोपसारखी प्रक्षेपणवेळेची टक्केवारीची अट या योजनेत नाही. तरीही शेजारच्या बागांतील नोड याच चॅनेलवर असतील, त्यामुळे हवा कमी वेळ अडवणे हे सर्वांच्याच हिताचे आहे.

नोड स्वतःच्या बागेपुरता न राहता विकायचा विचार असेल, तर दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची इक्विपमेंट टाइप अप्रूव्हल लागते. ती आधीच घेतलेले मॉड्यूल निवडल्यास पुढचा बराच त्रास वाचतो.

ओलावा

सर्वांचे आभार. मांडवाच्या वर डबा नेण्याची सूचना मान्य आहे आणि त्यासाठी खांबाची सोयही आहे. यातून दोन प्रश्न उरतात. मी सुट्या चिपऐवजी तयार मॉड्यूल घेतले आहे. त्यावर टीसीएक्सओ (तापमान बदलले तरी अचूक राहणारा ऑसिलेटर) असल्याचे विक्रेत्याने सांगितले, पण सर्किटचा आराखडा दिलेला नाही. चाचणी प्रोग्रॅममध्ये चिप एसपीआयवर (मायक्रोकंट्रोलरशी जोडणाऱ्या तारांवर) उत्तर देते, मात्र प्रक्षेपण सुरूच होत नाही. दुसरा प्रश्न असा की लोरावॅनचा १३ बाइटचा बोजा टाळून स्वतःचा साधा संदेश पाठवावा का?

बाइटकर

प्रक्षेपण सुरू न होण्याचे जे वर्णन तुम्ही केले आहे, ते टीसीएक्सओशी तंतोतंत जुळते. एसएक्स१२६२ वर टीसीएक्सओला वीजपुरवठा डीआयओ३ या पिनमधून होतो आणि तो सुरू करण्याची आज्ञा फर्मवेअरने द्यावी लागते. आज्ञा दिली नाही तर चिप आतल्या आरसी ऑसिलेटरवर जागी राहते, एसपीआयला उत्तर देते, पण ३२ मेगाहर्ट्झचे घड्याळ नसल्याने प्रक्षेपणाला जाऊच शकत नाही. उपकरणातील त्रुटी वाचण्याची आज्ञा देऊन पाहा. ऑसिलेटर सुरू न झाल्याचा बिट लागलेला दिसेल. टीसीएक्सओचा व्होल्टेज मॉड्यूलप्रमाणे निवडावा लागतो आणि चिपचा पुरवठा त्यापेक्षा किमान २०० मिलिव्होल्टने जास्त असावा लागतो. आज्ञा दिल्यानंतर त्रुटी पुसून सर्व कॅलिब्रेशन पुन्हा करावे.

याच ओघात आणखी एक गोष्ट सांगतो, जी भारतातील वापरासाठी विशेष महत्त्वाची आहे. चिप सुरू होताना इमेज कॅलिब्रेशन ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झ या पट्ट्यासाठी होते. ८६५ वर काम करायचे असल्यास ८६३ ते ८७० या पट्ट्याचे कॅलिब्रेशन स्वतंत्र आज्ञेने करून घ्यावे लागते. हेक्समध्ये (षोडशमान अंकांत) तिचे दोन बाइट डी७ आणि डीबी असे आहेत. हे राहून गेले तरी संदेश जातात आणि येतात, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही, पण इमेज वारंवारितेवरील नको असलेले सिग्नल नीट गाळले जात नाहीत.

बिझी पिन (चिप कामात असल्याचे सांगणारी) मायक्रोकंट्रोलरला जोडलेली असलीच पाहिजे. पिना वाचवण्यासाठी ती सोडून ठराविक विलंब घालण्याची पद्धत दिसते, पण कॉन्फिगरेशन जपून झोपलेली चिप सुमारे ३४० मायक्रोसेकंदांत उठते आणि सर्व विसरून झोपलेली सुमारे ३.५ मिलिसेकंद घेते. एकच विलंब दोन्हींना पुरत नाही. अँटेनाचा स्विच डीआयओ२ वरून चालतो की वेगळ्या पिनांवरून, हेही मॉड्यूलच्या पीसीबीवरील ट्रेस भिंगाखाली पाहून नक्की करा.

जुन्या एसएक्स१२७६ च्या नोडशी बोलायचे असेल तर सिंक वर्डकडे (जाळे ओळखण्याच्या खुणेकडे) लक्ष द्यावे. जुन्या चिपमध्ये तो एका बाइटचा आहे, सार्वजनिक जाळ्यासाठी हेक्स ३४. नव्या चिपमध्ये तोच ३४४४ असा दोन बाइटमध्ये लिहावा लागतो.

तारवाला

दुसऱ्या प्रश्नाबाबत माझे मत स्वतःच्या साध्या संदेशाकडे झुकते. एकच शेतकरी, एकच गेटवे आणि मोजके नोड असताना पूर्ण लोरावॅन कशासाठी? १३ बाइटऐवजी नोडचा क्रमांक आणि तपासणी बेरीज मिळून ३ बाइटमध्ये काम भागते. ग्रहण खिडक्या उघडण्याचा खर्चही वाचतो.

बाइटकर

तारवाला, बचत खरी आहे, पण ती किती आहे ते पाहावे. २० ऐवजी १० बाइट केले तरी एसएफ७ वर वेळ अर्ध्याने कमी होत नाही, कारण प्रिअँबल आणि हेडर यांचा वाटा तसाच राहतो. त्या १३ बाइटमध्ये ४ बाइटचा एमआयसी (संदेश खरा असल्याचा शिक्का) आणि २ बाइटचा संदेश-गणक आहे. उद्या ओलावा यांनी याच जाळ्यावरून ठिबकचा व्हॉल्व्ह उघडण्याची सोय केली, तर कोणीही जुना संदेश पकडून पुन्हा प्रक्षेपित केला तरी व्हॉल्व्ह उघडता कामा नये. साध्या तपासणी बेरजेने ते थांबत नाही. आयत्या वेळी सुरक्षितता जोडता येईल, असे मानून काम सुरू करणे मला योग्य वाटत नाही.

ग्रहण खिडक्यांचा खर्चही आटोक्यात राहतो. डीसी-डीसी कन्व्हर्टर वापरल्यास चिप ग्रहणात ४.६ मिलिअँपिअर घेते आणि संदेश येत नसेल तर खिडकी काही चिन्हांपुरतीच उघडी असते. अट एवढीच की मायक्रोकंट्रोलरला ३२.७६८ किलोहर्ट्झचा क्रिस्टल असावा. आतल्या आरसी ऑसिलेटरवर वेळ मोजल्यास अनिश्चितता वाढते आणि खिडकी विनाकारण रुंद ठेवावी लागते.

तारवाला

व्हॉल्व्हचा मुद्दा पटला. केवळ मोजमाप असेपर्यंत माझे मत कायम आहे, पण पंप किंवा व्हॉल्व्ह येणार असेल तर लोरावॅनच घ्यावे.

सेलदुरुस्ती

आतापर्यंतच्या चर्चेत सेलच्या झटका सोसण्याच्या क्षमतेकडे कोणी वळले नाही. ईआर१४५०५ सारखा बॉबिन पद्धतीचा सेल दीर्घकाळ थोडा प्रवाह देण्यासाठी बनवलेला असतो. ११८ मिलिअँपिअरचा झटका त्याला झेपत नाही. शिवाय दीर्घकाळ पडून राहिल्यावर लिथियमच्या पृष्ठभागावर लिथियम क्लोराइडचा पातळ थर बसतो. त्या थरामुळे सेल वर्षानुवर्षे टिकतो, पण अचानक प्रवाह मागितला की व्होल्टेज क्षणभर कोसळतो आणि मायक्रोकंट्रोलर रीसेट होतो. प्रयोगशाळेतील ताज्या सेलवर हा दोष दिसत नाही. तो शेतात, छाटणीनंतर नोड पुन्हा सुरू करताना दिसतो.

उपाय म्हणजे सेलला समांतर मोठा कॅपॅसिटर. त्याचा आकार पुन्हा प्रक्षेपणाच्या वेळेवर ठरतो. अर्ध्या व्होल्टची घसरण चालेल असे धरले आणि सर्व प्रवाह कॅपॅसिटरनेच द्यायचा ठरवले, तर +२२ डीबीएमवर एसएफ७ साठी सुमारे १३ मिलिफॅरड पुरतात, एसएफ१० साठी सुमारे ८७ आणि एसएफ१२ साठी ३०० च्या पुढे जावे लागते. सुपरकॅपॅसिटरची स्वतःची गळतीही काही मायक्रोअँपिअर असू शकते, ती मोजूनच घ्यावी. लिथियम थायोनिलसोबत जोडण्यासाठीच बनवलेले हायब्रिड लेयर कॅपॅसिटर मिळतात, ते महाग असले तरी या कामासाठी मी तेच सुचवेन.

नव्या सेलचा निर्लोड व्होल्टेज ३.६ च्या किंचित वर असतो. एसएक्स१२६२ ला ३.७ व्होल्टपर्यंत चालते, पण एसटीएम३२ एल० ची मर्यादा ३.६ आहे. त्यामुळे मध्ये रेग्युलेटर घ्यायचा झाल्यास एमसीपी१७०० सारखा, स्वतः सुमारे १.६ मायक्रोअँपिअर घेणारा घ्यावा. तयार बोर्डांवर सर्रास आढळणारा एएमएस१११७ एकटाच काही मिलिअँपिअर खातो आणि तो असलेल्या बोर्डावर स्लीपचा सगळा खटाटोप व्यर्थ ठरतो.

तरंगलांबी

सेलदुरुस्ती यांच्या मुद्द्याला जोडून गळतीविषयी. सेलचा व्होल्टेज मोजण्यासाठी १०० किलोओहमचे दोन रोधक एकामागे एक जोडण्याची पद्धत रूढ आहे. ३.६ व्होल्टवर त्यांतून सतत १८ मायक्रोअँपिअर वाहतात, म्हणजे दिवसाला ०.४३ मिलिअँपिअर-तास. वर काढलेल्या एसएफ७ च्या संपूर्ण दिवसाच्या प्रक्षेपणखर्चाच्या हे दुपटीहून अधिक आहे. हा विभाजक मॉसफेटने (इलेक्ट्रॉनिक स्विचने) फक्त मोजण्याच्या वेळी जोडावा, किंवा मायक्रोकंट्रोलरच्या अंतर्गत संदर्भ व्होल्टेजवरून पुरवठा मोजावा म्हणजे रोधकच लागत नाहीत.

सेन्सरचा पुरवठा तोडतानाही एक खबरदारी हवी. पुरवठा तोडला, पण त्याच्या आय२सी (माहिती नेणाऱ्या) तारांवरील पुल-अप रोधक (तारेचा व्होल्टेज वर धरणारे) चालू पुरवठ्याला राहिले, तर सेन्सर त्या तारांमधूनच अर्धवट वीज ओढत राहतो. पुल-अप सेन्सरच्याच तोडलेल्या पुरवठ्याला जोडावेत. रेडिओच्या चिप-सिलेक्ट पिनला मात्र कायम पुरवठ्याकडे पुल-अप द्यावा, कारण झोपेत ही पिन तरंगती राहिली आणि तिचा व्होल्टेज खाली गेला, तर रेडिओ जागा होऊन बसतो.

मोजण्यासाठी महागडे साधन नसल्यास पुरवठ्यात १ किलोओहमचा रोधक घालून त्यावरील व्होल्टेज मोजा. २ मायक्रोअँपिअरला २ मिलिव्होल्ट दिसतील. नोड जागा असताना हा रोधक साध्या स्विचने बायपास करावा, आणि झोपल्याची खात्री झाल्यावरच स्विच उघडावा.

ओलावा

टीसीएक्सओची आज्ञा आणि पूर्ण कॅलिब्रेशन घातल्यावर प्रक्षेपण सुरू झाले. इमेज कॅलिब्रेशनही ८६३ ते ८७० साठी केले. डबा मांडवाच्या वर नेल्यावर लांबच्या प्लॉटमधूनही एसएफ७ वर संदेश येत आहेत. त्यामुळे आता एसएफ८ ही वरची मर्यादा ठेवून कॅपॅसिटर निवडणार आहे. व्हॉल्व्हचा विचार असल्यामुळे लोरावॅनच ठेवले आहे.

एक प्रश्न राहिला. ८२ मिलिमीटरच्या तारेचा पाव-तरंग अँटेना नॅनोव्हीएनए या अँटेना मोजण्याच्या उपकरणावर मोकळा मोजला तेव्हा अनुनाद (अँटेना ज्या वारंवारितेला जुळतो ती) ८६५ च्या जवळ होता. सेल आणि पीसीबीसह एबीएसच्या डब्यात बसवून झाकण लावल्यावर तो ८४० च्या आसपास सरकला. तार छोटी करावी की जुळणीचे घटक बदलावेत?

तरंगलांबी

तार छोटी करा. डब्याचे प्लॅस्टिक जवळ आले की तार विद्युतदृष्ट्या लांब होते, म्हणून अनुनाद खाली येतो. ८४० वरून ८६६ वर यायला सुमारे तीन टक्के, म्हणजे अडीच मिलिमीटरच्या आसपास कापावे लागेल. एकदम न कापता मिलिमीटरभर कापून दर वेळी झाकण लावून मोजा, आणि नॅनोव्हीएनएची केबल फेराइटच्या मण्यातून न्या. तसे न केल्यास केबलचे बाहेरचे कवचच भूतलाचे (अँटेनाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाचे) काम करते आणि केबल काढल्यावर अनुनाद पुन्हा दुसरीकडे जातो. सेलची जागाही आत्ताच पक्की करा. तो डब्यात हलता राहिला, तर भूतलाचा आकार बदलतो आणि आज जुळवलेला अँटेना सेल बदलल्यावर जुळलेला राहत नाही.